तिचा दोष म्हणून जे सांगितलंत, तेच आधी लिहा

वाचकाचं पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

मी बडोद्यात मकरपुऱ्याच्या एका ट्रान्सफॉर्मर कंपनीत टेस्टिंग विभागाचा प्रमुख होतो. दोन वर्षांपूर्वी ती कंपनी सोडली, आता वाघोडिया रोडला दुसरीकडे आहे. जुन्या कंपनीत एक मुलगी चार वर्षं माझ्या हाताखाली टेस्ट इंजिनिअर होती. ती आता बंगळुरूच्या एका खासगी टेस्टिंग लॅबमध्ये सिनिअर जागेसाठी अर्ज करते आहे. तिनं माझ्याकडे शिफारसपत्र मागितलं आहे, शिवाय लिंक्डइनवरही चार ओळी लिहा म्हणते. तिची आई आणि माझी पत्नी दांडिया बाजारच्या एकाच भजनी मंडळात आहेत. परवा आईंचा पत्नीला फोन आला, ‘वहिनी, भाऊजींना सांगा, पोरीसाठी दोन चांगले शब्द लिहून द्या.’

मुलगी हुशार आणि कष्टाळू आहे, यात शंका नाही. पण दोन गोष्टी मला अडवतात. एक, तिचे टेस्ट रिपोर्ट कायम उशिरा यायचे. दुसरी, प्रॉडक्शन आणि डिस्पॅचवाल्यांशी तिचं पटत नसे. एका मार्चअखेरीस नव्या डिझाइनच्या पहिल्या नगाची हीट रन चालू होती. तेलाचं तापमान जवळजवळ स्थिर झालं होतं, गेटवर ट्रेलर उभा होता, सगळे म्हणत होते आता बंद करा. ती अडून बसली. सलग तीन तास रीडिंग स्थिर आल्यावरच तिनं टेस्ट बंद केली. डिस्पॅच चुकलं, बिल पुढच्या वर्षात गेलं. आणि शेवटी आकडा मर्यादेतच आला! वरिष्ठांनी ते मनात ठेवलं. पुढे वर्षभरात तिनं नोकरी सोडली.

माझं इंग्रजी बेताचं आहे. तीच म्हणाली, ‘सर, मी ड्राफ्ट पाठवते, तुम्ही फक्त सही करा.’ तसं करावं का? आणि मी काही मोठा माणूस नाही. जुन्या कंपनीच्या व्हाइस प्रेसिडेंटसाहेबांनी लिहिलं तर जास्त वजन पडणार नाही का? तिचं भलं व्हावं असं मनापासून वाटतं, पण खोटं लिहायचं नाही.

– एक वाचक, बडोदा

उत्तर

सप्रेम नमस्कार.

‘दोन गोष्टी मला अडवतात’ असं म्हणून तुम्ही जी दुसरी गोष्ट सांगितलीत, ती तुमच्या लेखी तिची उणी बाजू आहे. मला विचाराल तर तुमचं शिफारसपत्र तिथूनच सुरू व्हायला हवं.

ट्रान्सफॉर्मरच्या धंद्यात नसलेल्या वाचकांसाठी थोडं सांगते. हीट रन म्हणजे टेम्परेचर राइज टेस्ट. ट्रान्सफॉर्मर पूर्ण भारावर चालताना जितका तापेल, तितका टेस्टिंगमध्येच तापवून बघायचा. तेल सावकाश तापत जातं, त्यात रात्रच्या रात्र निघून जाते. मानकात, म्हणजे टेस्ट कशी करायची हे ठरवून देणाऱ्या नियमावलीत, लिहिलेलं आहे की तेलाच्या तापमानवाढीचा वेग तासाला १ अंशाच्या खाली आला आणि सलग ३ तास तिथेच राहिला, तर ते स्थिर झालं असं धरायचं. म्हणजे डिस्पॅचवाले ज्याला ‘जवळजवळ स्थिर’ म्हणत होते, तशी अवस्था मानकाला माहीतच नाही. आणि ही अट उगाच घातलेली नाही. आतल्या वाइंडिंगवर, म्हणजे तारांच्या गुंडाळ्यांवर, कागदाचं इन्सुलेशन असतं, आणि तो कागद जितकी वर्षं टिकेल तितकी वर्षं ट्रान्सफॉर्मर टिकतो. साध्या कागदाच्या बाबतीत सगळ्यात गरम जागेचं तापमान ६ अंशांनी वाढलं, की कागद जीर्ण होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. तेव्हा एक-दोन अंश इकडेतिकडे झाले तर काय बिघडलं, असं म्हणायची सोय नाही. हे सगळं तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. म्हणूनच मला वाटतं, तिचं अडून बसणं तुम्हाला त्या रात्रीही मनातून पटलं असणार. तुम्ही विभागप्रमुख होतात. तिला डावलून टेस्ट बंद करायला लावणं तुमच्या हातात होतं. तुम्ही ते केलं नाहीत.

आता ती अर्ज कुठे करते आहे ते बघा. टेस्टिंग लॅबमध्ये. आपल्या देशात अशा लॅबना एनएबीएलची, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता आयएसओ/आयईसी १७०२५ या मानकाच्या आधारे मिळते. त्या मानकाच्या २०१७ च्या आवृत्तीत निःपक्षपातीपणाची अट अगदी सुरुवातीच्या कलमांत आहे: व्यापारी, आर्थिक किंवा दुसऱ्या कुठल्याही दबावामुळे लॅबच्या निःपक्षपातीपणाला बाधा येऊ द्यायची नाही. मार्चअखेर, गेटवरचा ट्रेलर, पाठीमागे उभे असलेले वरिष्ठ. व्यापारी दबाव याहून वेगळा काय असतो? मुलाखतीत प्रत्येक उमेदवार सांगतो की मी दबावाला बळी पडत नाही. ऐकणाऱ्याला ते तपासून बघता येत नाही. तुम्ही ते तुमच्या टेस्ट बेमध्ये, म्हणजे चाचणीच्या जागेतच, घडताना पाहिलं आहे. टेस्ट रिपोर्टला किंमत कशामुळे येते हे बडोद्याच्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. १९७४ पासून एर्डासारखी विजेच्या उपकरणांची चाचणी करणारी संस्था आपल्याच मकरपुऱ्यात उभी आहे आणि तिथल्या रिपोर्टवर किती टेंडरं अवलंबून असतात ते तुम्ही रोज बघता.

‘आणि शेवटी आकडा मर्यादेतच आला!’ हे वाक्य तुम्ही उद्गारचिन्ह घालून लिहिलंत. म्हणजे इतका आटापिटा करून निघालं काय, असा सूर त्यात आहे. या सुरापासून तुम्ही दूर व्हावं असं मला फार वाटतं. आकडा मर्यादेत येणार हे त्या रात्री कुणालाच माहीत नव्हतं, तिलाही नव्हतं. ते माहीत व्हावं म्हणूनच ती थांबली. आणि लिहिताना याच्या उलटा मोहही टाळा: तिच्यामुळे कंपनी मोठ्या नुकसानीतून वाचली, ग्राहकाकडे नग फेल झाला असता, असं काही जोडू नका. तसं झालं नाही. जे झालं ते तसंच लिहा: टेस्ट पूर्ण केली, डिस्पॅच एक दिवस उशिरा गेलं, निकाल मर्यादेत आला. वाचणारा लॅबचा माणूस असेल तर त्याला एवढ्यावरून सगळं कळेल. उलट निकाल चांगला आला तरी तुम्ही हा प्रसंग सांगताय, यावरूनच त्याचा तुमच्यावर विश्वास बसेल.

मी अनेक वर्षं नोकरभरतीच्या टेबलापलीकडे बसून शिफारसपत्रं वाचली आहेत. ‘सिन्सिअर’, ‘हार्डवर्किंग’, ‘टीम प्लेअर’, आणि खाली ‘पुढील वाटचालीस शुभेच्छा’. नाव बदललं की तेच पत्र दुसऱ्याला लागू. अशी पत्रं कुणाचं नुकसान करत नाहीत असं लिहिणाऱ्याला वाटतं, पण ती करतात. वाचणारा मनात म्हणतो, चार वर्षं बरोबर काढून याला सांगण्यासारखं एवढंच सापडलं? तुम्हीही पत्रात ‘हुशार आणि कष्टाळू’ असं लिहिलंत आणि पुढे गेलात. ती किती हुशार, कशात हुशार, हे मला तुमच्या त्या एका रात्रीच्या हकिकतीवरून कळलं, त्या दोन विशेषणांवरून नाही.

इथे आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण पत्र एका मुलीसाठी लिहायचं आहे. फ्रान्सिस ट्रिक्स आणि कॅरोलिन सेंका या दोन अभ्यासकांनी अमेरिकेतल्या एका मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापकपदासाठी आलेली तीनशेहून जास्त शिफारसपत्रं तपासली आणि २००३ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. स्त्रियांसाठीची पत्रं सरासरीनं लहान होती. त्यांत संशयाला जागा देणारी वाक्यं जास्त होती. पुरुषांच्या संशोधनाबद्दल, कौशल्याबद्दल भरभरून लिहिलं होतं. स्त्रियांच्या बाबतीत मेहनतीचं कौतुक पुढे होतं. लिहिणाऱ्यांचा हेतू वाईट होता असं मुळीच नाही. ते सगळे शिफारस करायलाच बसले होते. आपल्याकडेही मुलाबद्दल ‘तडफदार’, ‘ठाम’ असे शब्द सहज येतात आणि मुलीबद्दल ‘कष्टाळू’, ‘मनमिळाऊ’, ‘सगळ्यांना सांभाळून घेणारी’. तेच ठाम वागणं मुलीनं केलं की ‘तिचं पटत नसे’ होतं. तुम्ही एक करून बघा. त्या मार्चच्या रात्री तिच्या जागी एखादा मुलगा होता असं समजा आणि तो प्रसंग पुन्हा एकदा मनात सांगा. तेव्हा जो शब्द ओठांवर येईल, तो तिच्या पत्रात वापरा.

याच ओघात तिच्या आईंच्या फोनबद्दल. बडोद्याच्या मराठी घरांत सगळे सगळ्यांना कुठून ना कुठून ओळखतात. ही ओळख मोलाची आहे, पण पत्रात ती येऊ देऊ नका. चांगल्या घरची, संस्कारी, आमच्या परिचयातली, असलं काही नको. वहिनींनी तिच्या आईंना एवढंच सांगावं की ‘हे लिहिणार आहेत, आणि जे पाहिलं तेच लिहिणार आहेत.’ माऊलीला तेवढ्यानं बरं वाटेल.

आता सहीचा प्रश्न. तिनं लिहावं आणि तुम्ही सही करावी, हे आपल्याकडे इतकं रुळलंय की त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. तिच्याही मनात काही वाईट नाही. तुमचं काम हलकं व्हावं म्हणून ती म्हणाली असणार. तरीही करू नका. पहिलं कारण साधं आहे: खाली तुमची सही असेल तर आतलं म्हणणं तुमचं हवं. दुसरं कारण तिच्या फायद्याचं आहे. कुणीच स्वतःबद्दल नेमकं लिहू शकत नाही. एकतर माणूस संकोचतो, नाहीतर जाहिरात करतो. हीट रनची गोष्ट ती स्वतः कधीच लिहिणार नाही, कारण तिच्या आठवणीत ती रात्र म्हणजे नोकरी जाण्याची सुरुवात आहे. शिवाय लॅबमधून फोन आला आणि पत्रात काय आहे हे तुम्हाला नीट आठवलंच नाही, तर दोघांचीही पंचाईत होईल.

तिच्याकडून ड्राफ्टऐवजी माहिती मागा: जाहिरात, तिचा ताजा बायोडाटा, तिनं केलेल्या टेस्टची यादी, नोकरीच्या तारखा, पत्र कधीपर्यंत आणि कुणाच्या नावानं हवं. आणि तिलाही विचारा, ‘आपल्या चार वर्षांतलं कुठलं काम तुला स्वतःला महत्त्वाचं वाटतं?’ तिचं उत्तर ऐकून तुम्हाला विसरलेलं काहीतरी नक्की आठवेल.

इंग्रजीची काळजी सोडा. आधी मराठीत लिहा. एखाद्या जुन्या मित्राला फोनवर सांगताय असं समजून, जसं बोलाल तसं. ते झालं की एकेक वाक्य साध्या, लहान इंग्रजीत उतरवा आणि घरातल्या किंवा ऑफिसातल्या कुणाकडून व्याकरण तपासून घ्या. मोठे शब्द घालायला त्यांना सांगू नका. लॅबमध्ये पत्र वाचणारा माणूस इंजिनिअर असेल. त्याला टेस्टची नावं, भाराची परिस्थिती, मोजमापाची पद्धत कळते, आणि ती भाषा तुमच्याइतकी चांगली कुणाला येणार?

आणि ‘मी काही मोठा माणूस नाही’ याबद्दल. आपल्या गावाच्या इतिहासातली एक शिफारस आठवते. भीमराव आंबेडकर नावाचा एक विद्यार्थी मुंबईत चर्नी रोडच्या बागेत पुस्तक घेऊन बसायचा. कृष्णराव अर्जुन केळुसकर नावाचे एक शिक्षक तिथे यायचे. त्यांनी त्या मुलाला वाचताना पाहिलं, बोलते झाले, त्याच्यावर लक्ष ठेवलं. १९०७ मध्ये तो मॅट्रिक झाला. पुढे कॉलेजात असताना खर्च झेपेनासा झाला, तेव्हा केळुसकर गुरुजींनी त्याला सयाजीराव गायकवाडांकडे नेलं. महाराजांनी स्वतः प्रश्न विचारले, उत्तरांनी त्यांचं समाधान झालं आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर झाली. १९१३ मध्ये बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले तेही बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. केळुसकरांकडे सत्ता नव्हती, पैसा नव्हता. त्यांच्याकडे एवढंच होतं की त्यांनी त्या मुलाला रोज वाचताना पाहिलं होतं. त्यापुढचा निर्णय महाराजांनी स्वतः पारखून घेतला.

तुमच्या व्हाइस प्रेसिडेंटसाहेबांनी त्या मुलीला टेस्ट बेमध्ये किती वेळा पाहिलं असेल? वर्षातून एकदा ग्राहक पाहणीला आला तेव्हा, लांबून. त्यांचं पत्र आलं तर लेटरहेड वजनदार असेल आणि आत ‘सिन्सिअर अँड हार्डवर्किंग’ असेल. वरून त्या मार्चचा राग त्यांच्या मनात असेल तर तेवढंही नसेल. तिनं माणूस बरोबर निवडला आहे.

आता तुम्हाला अडवणारी पहिली गोष्ट, उशिरा येणारे रिपोर्ट. हिच्यावर पांघरूण घाला असं मी सांगणार नाही. लॅबचा माल म्हणजे रिपोर्टच. ग्राहक पैसे मोजतो ते त्या कागदासाठी. तेव्हा ही उणीव त्या जागेसाठी किरकोळ नाही. पण लिहिण्याआधी तुम्ही स्वतःला काही प्रश्न प्रामाणिकपणे विचारा. रात्रभर हीट रनवर बसणारीही तीच आणि दुसऱ्या दिवशी रिपोर्ट टाइप करणारीही तीच, असं होतं का? टेस्टिंगमध्ये दोन माणसं कमी होती का? तुम्ही तिला कधी समोर बसवून सांगितलं होतंत की रिपोर्ट अमुक दिवसांत हवा, की नुसतेच मनात वैतागत होतात? आणि तारीख ठरवून दिल्यावर ती पाळायची का? या उत्तरांवर खूप काही अवलंबून आहे. कामाच्या ओझ्यामुळे उशीर होणं आणि सवयीनं उशीर करणं, या दोन्हींची दखल वेगळी घ्यायला हवी.

माझं मत विचाराल तर लेखी पत्रात हा विषय काढायची गरज नाही. शिफारसपत्र म्हणजे वार्षिक मूल्यमापनाचा फॉर्म नाही. तुम्ही ज्या बळावर तिला पुढे करता आहात ते त्यात सांगायचं. मात्र ‘रिपोर्ट नेहमी वेळेवर’ असं वाक्य चुकूनही लिहू नका. तिनं किंवा तिच्या आईंनी कितीही गळ घातली तरी नाही. फोन आला आणि ‘सुधारणेला वाव कुठे आहे’ असं विचारलं, आणि ते विचारतातच, तेव्हा सरळ सांगा: ‘टेस्टमध्ये ती घाई करत नाही, पण रिपोर्ट लिहायला वेळ लावायची, तारीख ठरवून द्या आणि मध्ये एकदा विचारा.’ वापरण्याजोगी सूचना मिळाली की समोरच्याला बरं वाटतं. ‘तिचा दोष म्हणजे ती फार परफेक्शनिस्ट आहे’ हे उत्तर मात्र नको; ते ऐकून ऐकून भरती करणाऱ्यांचे कान किटले आहेत.

फोनवर आणखी एक प्रश्न हमखास येतो: ‘पुन्हा संधी मिळाली तर तिला घ्याल का?’ इथे शब्दांपेक्षा वेग ऐकला जातो. तुमचं उत्तर आत्ताच ठरवून ठेवा. ते ‘हो’ असेल तर पत्रातही लिहा. ‘नाही’ असेल, किंवा ‘बघावं लागेल’ असेल, तर तिला आजच मोकळेपणानं सांगा की मी लिहू शकणार नाही, दुसऱ्या कुणाला विचार. तुमचं पत्र वाचून मला तरी ते ‘हो’च वाटलं.

काही व्यवहाराच्या गोष्टी. पत्र साध्या कागदावर लिहा. जुन्या कंपनीचं लेटरहेड वापरायचा तुम्हाला अधिकार नाही, आणि आताच्या कंपनीचा या मजकुराशी संबंध नाही. वर तुमचं नाव, तेव्हाचं पद, आताचं पद, फोन आणि ईमेल. नोकरीच्या अधिकृत तारखा आणि पगार याबद्दल अनुभवपत्र बोलेल. ते कंपनीच्या एचआरनं द्यायचं. तुमचं पत्र वैयक्तिक आहे. ग्राहकाचं नाव, नगाचा नंबर, डिझाइनचा तपशील काहीही येऊ देऊ नका. ते जुन्या कंपनीचं गुपित आहे. तिनं नोकरी का सोडली हेही तुमच्या पत्रात नको. कुणी विचारलंच तर ‘ते तिलाच विचारा’ एवढं पुरे.

लिंक्डइनसाठी याच पत्रातल्या चार-पाच ओळी घ्या, पण मार्चची हकिकत तिथे गाळा. तो मजकूर सगळे वाचतात, जुन्या कंपनीतले लोकसुद्धा, आणि तिथे त्याचा अर्थ उणंदुणं काढल्यासारखा होईल. तिथे फक्त लिहा की टेस्ट अपुरी असताना ती निकालावर सही करत नसे. तुम्ही लिहिलेलं तिनं मान्य केल्यावरच तिच्या प्रोफाइलवर दिसतं, आणि नंतर तुम्हाला ते दुरुस्तही करता येतं, तेव्हा फार धास्ती नको.

आता नमुना. तुमच्याच पत्रातल्या गोष्टी घेऊन लिहिला आहे. जसाच्या तसा उतरवू नका, तुम्हाला जे आठवतं ते घाला.

‘मी चार वर्षं यांचा थेट वरिष्ठ होतो. त्या काळात मी ट्रान्सफॉर्मर कंपनीच्या टेस्टिंग विभागाचा प्रमुख होतो आणि त्या टेस्ट इंजिनिअर होत्या. रूटीन टेस्टबरोबरच नव्या डिझाइनच्या टेम्परेचर राइज टेस्ट त्या स्वतंत्रपणे हाताळत.

‘त्यांच्याबद्दल सांगताना मला एक प्रसंग आधी सांगावासा वाटतो. आर्थिक वर्षाच्या अखेरीस नव्या डिझाइनच्या पहिल्या नगाची टेस्ट चालू होती. तेलाचं तापमान स्थिर होत आलं होतं आणि माल त्याच दिवशी पाठवण्यासाठी टेस्ट थांबवावी असा सगळ्यांचा आग्रह होता. मानकात सांगितलेले तीन तास पूर्ण होईपर्यंत त्यांनी टेस्ट थांबवली नाही. डिस्पॅच दुसऱ्या दिवशी गेलं. निकाल मर्यादेत होता. पुरेशा रीडिंगशिवाय निकाल नोंदवायचा नाही, ही त्यांची पद्धत मी चारही वर्षं पाहिली, आणि त्याची किंमत मोजावी लागली तरी त्यांनी ती बदलली नाही.

‘ज्या जागेवर मोजमापाचा प्रामाणिकपणा सगळ्यात महत्त्वाचा आहे, तिथे मी यांची निःसंकोच शिफारस करतो. माझ्या विभागात जागा असती तर मी त्यांना पुन्हा घेतलं असतं. अधिक माहितीसाठी मला फोन करावा.’

एवढं पुरे आहे. एका पानाच्या आत. तुम्हाला मनापासून वाटत असेल तर एक वाक्य वाढवा: माझ्या हाताखाली आजवर जितके टेस्ट इंजिनिअर होते, त्यांत हिचा क्रम कितवा. ‘पहिल्या दोघांतली’ असं खरोखर असेल तर तसं लिहा. तुलना वाचणाऱ्याला फार उपयोगी पडते, पण ती खरी नसेल तर वाक्यच नको.

पत्र पाठवण्याआधी मुलीला एकदा फोन करा. मार्चचा प्रसंग लिहिलेला चालेल का, हे विचारा. प्रसंग तिचा आहे आणि नाही म्हणायचा हक्क तिला आहे. रिपोर्टच्या उशिराबद्दल फोनवर काय सांगणार आहात तेही आत्ताच सांगून टाका, म्हणजे मुलाखतीत तोच प्रश्न आला तर तिच्याकडे उत्तर असेल. आणि तुमचा नंबर लॅबला द्यायला सांगताना वेळही सांगा. दिवसा टेस्ट बेमधल्या आवाजात तुम्हाला धड बोलता येणार नाही. संध्याकाळी सहानंतरची वेळ द्या.